चौथं पाणी

जुन्या गाडीचं पोट साफ करून घ्यायचं तर ते वस्तादाकडेच, असं त्या भागातले जुन्या गाड्यांचे मालक म्हणत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. वस्ताद सहासष्ट वर्षांचा होता आणि त्यातली चाळीस वर्षं त्याने रेडिएटरमध्ये डोकं घालून काढली होती. लोक वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओततात. ते पाणी इंजिनातून फिरतं, तापतं, निवतं आणि जाताना थोडा चुना, थोडा गंज मागे ठेवून जातं. असा गाळ साचत गेला की एक दिवस भर चढावर गाडी वाफा टाकत उभी राहते आणि मालक बॉनेट उघडून आकाशाकडे बघत बसतो.

वस्तादाची रीत ठरलेली होती. आधी सगळं पाणी काढायचं. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून ठेवायचा आणि उलट्या बाजूने पाण्याचा मारा द्यायचा. मग अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर भरून, हीटर पूर्ण उघडा ठेवून इंजिन चालवायचं आणि तासभर मुरू द्यायचं. व्हिनेगर चुना खातं. पण चुना संपला म्हणून त्याची भूक भागत नाही, ते मग धातूला लागतं. म्हणून नंतर स्वच्छ पाण्याने धुवायचं. किती वेळा? तर पाण्याचा आंबट वास जाईपर्यंत. कुठल्या गाडीला पाच पाणी लागतात, कुठलीला आठ. प्रत्येक पाणी स्टीलच्या मगात धरायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. हा निकाल बघायला काही गिऱ्हाइकं मुद्दाम थांबत.

मागच्या वर्षी वस्तादाला ताप आला. आठ दिवसांत ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. पेट्रोल, जळलेलं रबर, साबण, चहा, काहीच येईना. येईल परत, म्हणून त्याने महिना वाट पाहिली, मग दुसरा महिना, मग वाट पाहणं सोडलं. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायको तर खूश होती, कारण वर्षभरात त्याने जेवणाला एकदाही नाव ठेवलं नव्हतं.

गॅरेजात मात्र पंचाईत होती. तिथे त्याच्या जोडीला त्याची लेक काम करायची. तिने दोन वर्षांपूर्वी रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आणल्या होत्या. पाण्यात बुडवली आणि पट्टी लाल झाली की पाणी अजून आंबट आहे असं समजायचं. वस्तादाने तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर तिची टर उडवली होती. ज्याचा स्वतःवर भरवसा नाही त्याने कागदाला विचारावं, असं काहीसं बोलला होता. आता त्याच पट्ट्यांना हात लावायचा म्हणजे स्वतःचे शब्द गिळायचे. त्यापेक्षा त्याने एक युक्ती काढली. पाण्याचा मग स्वतःच्या नाकाशी नेऊन झाला की तो लेकीपुढे धरायचा आणि मास्तरांच्या आवाजात विचारायचा, "सांग बघू, काय म्हणतंय पाणी?" ती वास घ्यायची, विचार करायची आणि म्हणायची, "अजून आहे थोडं." वस्ताद गंभीरपणे मान डोलवायचा. असं वर्ष निभावलं. एकही गाडी वाईट गेली नाही.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला अक्का आली. अक्का म्हणजे वस्तादाची थोरली बहीण, सत्तरीची, एकटी राहणारी, तोंडाने तिखट आणि गाडी चालवण्यात पक्की. गाडी तिच्या नवऱ्याची, फिकट निळी, एकतीस वर्षांची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पण गाडी तिने विकली नव्हती, घरही नाही.

"काटा लालपाशी जातोय," अक्का खाली उतरत म्हणाली. "आणि हीटर लावला तर गार वारा येतो."

"पाणी कुठलं घालतेस?"

"नळाचं. पाणी ते पाणी."

"तीस वर्षं नळाचं पाणी पितेय ही गाडी, अक्का. आत थर बसले असतील."

"मी सत्तर वर्षं तेच पितेय. मला कुठे बसले?"

वस्ताद बॉनेट उघडायला वळला. लेक मात्र हसली.

"आज संध्याकाळपर्यंत पाहिजे हं," अक्का म्हणाली. "उद्या सकाळी घाट चढायचाय. पोराकडे."

"बसने जा की."

"बसने गेले तर हरले." तिने पर्स मांडीवर घेतली आणि बाकावर ऐसपैस बसून घेतलं. "आठ महिने माझ्यामागे लागलाय. घर विक, आमच्याकडे ये, तुला आता एकटीला जमत नाही. शेवटी परवा म्हणाला, आई, तू स्वतः गाडी चालवत घाटातून धडपणे माझ्या दारात आलीस तर वर्षभर घराचा विषय काढणार नाही. आणि वाटेत काही झालं तर मी म्हणेन तसं करायचं. मी म्हटलं, ठरलं."

"तो असा का मागे लागलाय?" लेकीने विचारलं.

"अगं, एकदा आला तेव्हा घरात गॅस पसरला होता. जरासा. तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलंय की मी विसरते." अक्काने हात झटकला. "मी काही विसरत नाही. त्याची तिसरीतली प्रगतिपुस्तकाची सही खोटी होती, तेसुद्धा मला आठवतंय."

लेकीला बारा वाजता मुलाच्या शाळेत पालकसभेला जायचं होतं. हात धुता धुता ती म्हणाली, "बाबा, मी चारपर्यंत येते. शेवटच्या पाण्याला पट्टी लावा हवं तर. ड्रॉवरमध्ये आहेत."

"तुझ्या पट्ट्या तुलाच लखलाभ," वस्ताद म्हणाला. ती गेली. ती नसताना त्याने वर्षभरात एकही गाडी धुतली नव्हती. पण अक्काला उद्या ये म्हणून सांगणं शक्य नव्हतं.

खालची तोटी उघडल्यावर जे बाहेर आलं त्याला पाणी म्हणणं धाडसाचं होतं. उकळून उकळून विसरलेल्या चहासारखं काळपट तांबडं काहीतरी आलं आणि त्याच्यामागून वाळूसारखा गंज. अक्का उठून बघायला आली.

"हे सगळं माझ्या गाडीत होतं?"

"हे वरवरचं. खरा माल पुढे आहे."

उलट्या माऱ्याने खरा माल निघाला. चुन्याच्या खपल्या, गंजाचे पापुद्रे आणि कधीकाळी कुणीतरी गळती थांबवायला टाकलेल्या पुडीचा चिकट गोळा. वस्तादाला बरं वाटत होतं. हे सगळं डोळ्यांना दिसत होतं, बोटांना कळत होतं. मग व्हिनेगर भरलं, इंजिन चालवलं, तासभर मुरू दिलं. तेवढ्यात अक्काने सगळ्या नातेवाइकांची हजेरी घेऊन टाकली आणि एकालाही सोडलं नाही.

पहिलं पाणी राखाडी आलं, दुसरं पिवळट. तिसरं स्वच्छ दिसलं. चौथं तर नळासारखंच होतं. वस्तादाने मग भरला, सवयीने नाकाशी नेला, डोळे मिटले. नाकाला नुसता पाण्याचा गारवा लागला. आंबट असेल किंवा नसेल. जिभेवर थेंब ठेवला असता तर कळलं असतं, पण गाडीतून निघालेला थेंब तोंडात घालायचा नाही हे त्यानेच चाळीस वर्षं सगळ्यांना बजावलं होतं. आणि पट्टीसाठी ड्रॉवर उघडावा तर समोर अक्का बसलेली, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गोतावळ्याला खबर.

त्याने हुकमी युक्ती काढली.

"अक्का, गाडी तुझी आहे. शेवटचं पाणी तू पास करायचं. घे वास, सांग बघू काय म्हणतंय."

अक्का क्षणभर थबकली. मग तिने मग दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला, चांगला दीर्घ श्वास घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा. चेहरा अगदी परीक्षकाचा.

"काही नाही," ती ठामपणे म्हणाली. "नुसतं पाणी आहे."

"आंबट?"

"छे. मला कळणार नाही का?"

वस्तादाच्या जिवावरचं ओझं उतरलं. चौथ्या पाण्यातच काम झालं, एवढ्या जुन्या गाडीला जरा लवकरच, पण झालं. त्याने थर्मोस्टॅट बसवला, पाइप आवळले, नळाच्या पाण्याऐवजी नवं हिरवं कूलंट ओतलं आणि झाकण लावलं. चौथ्या पाण्याचा मग तसाच बाकड्यावर राहिला.

लेक सव्वाचारला परतली आणि गॅरेजच्या दारातच थांबली.

"बाबा, व्हिनेगर सांडलं की काय कुठे?"

"नाही."

ती वास घेत बाकड्यापर्यंत आली, पाण्याचा मग उचलला आणि तिने तोंड मागे घेतलं. "हे कितवं पाणी?"

"चौथं. शेवटचं."

"शेवटचं?" ती हसली. "माझी परीक्षा घेताय ना? हे आंबट ढाण आहे. झोपेतसुद्धा कळेल."

कुणीच हसलं नाही. लेकीने वडलांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. मग ड्रॉवर उघडला आणि पट्टी मगात बुडवली. पट्टी लालभडक झाली.

"कूलंट भरलं?"

"भरलं," वस्ताद म्हणाला.

"मग काढायला पाहिजे." ती तोटीखाली ठेवायला टब आणायला मागच्या खोलीत गेली.

वस्तादाला दोन गोष्टी लागोपाठ कळल्या. पहिली, आपण बहिणीची गाडी आत व्हिनेगर ठेवून घाटात पाठवणार होतो. उद्याच काही झालं असतं असं नाही. पण एकतीस वर्षांच्या रेडिएटरचा काय भरवसा? दुसरी गोष्ट कळायला जरा जास्त वेळ लागला, कारण ती कळून घ्यायची त्याची इच्छा नव्हती. झोपेतसुद्धा कळेल असा वास अक्काने दोनदा छाती भरून घेतला होता.

अक्का त्याच्याकडेच बघत होती. तिचंही तेच गणित चाललं होतं, आणि तिचं आधी सुटलं.

"तुला पण येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

"वर्ष झालं. तुला?"

"दोन."

"मग अक्का, तो गॅस..."

"मी विसरले नव्हते." अक्का पर्सच्या बंदाशी खेळत राहिली. "दूध उतू गेलं, ज्योत विझली असेल. मी तिथेच टेबलाशी पेपर वाचत बसले होते. किती वेळ, देव जाणे. पोरगा दार उघडून आत आला तो ओरडतच. मला कळेना ओरडतोय कशाला. मग त्याने बटण बंद केलं तेव्हा कळलं. मी म्हटलं, अरे आत्ताच लावत होते."

वस्तादाला सगळं डोळ्यांपुढे दिसलं. बंद खिडक्या, पेपर वाचणारी बहीण आणि कोपऱ्यात सूं सूं करणारी शेगडी. पेपरात गढल्यावर तिला तो बारीक आवाजही आला नव्हता.

"त्याला खरं का नाही सांगितलंस?"

"विसरते म्हटलं तर भांडता येतं. नाही विसरत म्हणून दाखवता येतं. नाक नाही म्हटल्यावर काय भांडू? दुसऱ्या दिवशी माझं सामान बांधेल तो." मग ती पुढे झुकली. लहानपणी फोडलेल्या काचेबद्दल बोलताना तिचा आवाज असाच व्हायचा. "हे बघ. तू माझं झाक, मी तुझं झाकते. पोरीला सांग, अक्काने घाई केली म्हणून राहिलं. मी हो म्हणते. तुझं दुकान तुझ्याकडे, माझं घर माझ्याकडे."

सौदा वाईट नव्हता. वस्तादाला मोह झाला, हे कबूल केलं पाहिजे. लेक नुसती मागच्या खोलीतून टब घेऊन येणार होती आणि एक वाक्य टाकलं की चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं. पण त्या वाक्यानंतर अक्का घरी जाणार होती, त्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी.

लेक टब घेऊन आली आणि गाडीखाली वाकली.

"मला वास येत नाही," वस्ताद म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "मागच्या तापापासून."

अक्काने कपाळावर हात मारून घेतला.

लेक गाडीखालून बाहेर आली. "मागच्या वर्षीच्या तापापासून?"

"हो."

"म्हणजे रोज जे विचारायचात, सांग बघू काय म्हणतंय पाणी..."

"मला कळत नव्हतं म्हणून विचारत होतो."

ती उकिडवी बसून राहिली. "मला वाटायचं शिकवताय," ती म्हणाली. "मी सांगितलं की तुम्ही मान डोलवायचात. मी घरी जाऊन सांगायचे, आज बाबांनी दोनदा मान डोलवली. मान कशावर डोलवायचात तुम्ही?"

"तू सांगशील त्यावर. दुसरं काय होतं माझ्याकडे?"

वस्तादाला लाज वाटली, खरीखुरी, कानापर्यंत. लेकीने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग उठली आणि म्हणाली, "पाइप धरा." त्याने पाइप धरला. हिरवं कूलंट टबात गेलं. तिने सोडा घातलेलं पाणी भरलं, आंबटपणा मारायला, आणि इंजिन चालू केलं. सांगायची ती आणि करायचा तो, असं चाललं होतं, आणि त्यात दोघांना विशेष वेगळं वाटलं नाही. वर्षभर तेच तर चाललं होतं.

"आणि आत्या," बॉनेटवरून तिने विचारलं, "तू कसं पास केलंस ते पाणी?"

अक्का पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. अक्काला उत्तर चुकवताना वस्तादाने उभ्या जन्मात तीन-चारदाच बघितलं असेल.

"आता तुझी पाळी," तो तिला म्हणाला.

"घर जाईल माझं."

"गेलं तर मी येतो भांडायला, तुझ्या बाजूने. पण तूच गेलीस तर कुणासाठी भांडू?"

"तू मला फसवलंस," अक्का म्हणाली. "आधी आपलं सांगून टाकलंस म्हणजे माझ्या हातात काही उरलं नाही."

"हो."

अक्काने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर दोन पावलं मागे सरला असता. मग पर्समधून फोन काढला. पोराचा नंबर लावून तिने फोन कानाशी न धरता तोंडासमोर धरला आणि स्पीकर लावला. साक्षीदार असलेले बरे, असा तिचा हिशोब असावा.

"हं आई. गाडी झाली?"

"होतेय. ऐक, मध्ये बोलू नकोस. तो गॅस मी विसरले नव्हते. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. ज्योत विझली ते मला कळलंच नाही. बाकी माझं डोकं जागेवर आहे, कुठल्याही डॉक्टरला विचार. गॅसचा वास आला की ओरडणारं यंत्र मिळतं म्हणतात, ते मी बसवून घेते. घर मी विकणार नाही. आता बोल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"नुसता वास?" पोराचा आवाज आला. "म्हणजे तू विसरत नाहीस?"

"सांगतेय काय मग इतका वेळ?"

"बाबांचं असंच सुरू झालं होतं, आई. आधी गॅस, मग किल्ल्या. मग मी कोण ते." तो थांबला. "मला वाटलं, आता तूपण."

आणि मग फोनमधून जो आवाज यायला लागला तो चाळीस वर्षांच्या माणसाचा वाटत नव्हता. अक्काने फोन थोडा दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. आठ महिने ती घरासाठी भांडत होती. समोरचा कशासाठी भांडतोय हे तिने एकदाही विचारलं नव्हतं, आणि हे आता तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिने भावाकडे मान वळवली.

"रडतोय तो," ती म्हणाली. "काय बोलू मी?"

वस्तादाला हे सुचवता येण्यासारखं नव्हतं. त्याने खिडकीतून आत हात घातला आणि इंजिन बंद केलं, म्हणजे तिला नीट ऐकू येईल.